सबनीसबाई आणि रिकामा रकाना

२०१७ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. एकोणसत्तर हा शब्द मला बोलता यायचा, लिहिता यायचा नाही. घरात सून होती, तिलाही हे ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, पण ती आधीच गेली. बायकोनंतर हे कळलेलं दुसरं माणूस म्हणजे आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या चार नंबरच्या सबनीसबाई. त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं. त्याचा राग मला आजही आहे आणि कोणी मला समजवायला येऊ नये.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्यात पद्धत आहे. मी बोलणार नाही. बाईंनाही ते खपलं नसतं.

बाई तेहतीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या. शिक्षिका नव्हेत. चाळीत नवीन आलेलं कोणी 'टीचर' म्हणालं की तिथल्या तिथे तोडायच्या, "मी शिकवत नाही. मी लिहिते." शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक पोराची जन्मतारीख मोठ्या रजिस्टरात लिहायची, आधी आकड्यात, मग अक्षरी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुन्हा तसंच. मुलुंड-भांडुपच्या कितीतरी लोकांचं वय या बाईच्या अक्षरात आहे.

अंगाने काडी, आवाजाने भोंगा. शाईचं पेन, निळी-काळी शाई. बॉलपेनला त्या पेन म्हणतच नसत. कोणी पुढे केलं तर म्हणायच्या, "ती नळी ठेवा खिशात." चाळीत सगळे मला काका म्हणायचे, त्या एकट्या 'घाडी' म्हणायच्या. "घाडी, बसा." "घाडी, तुमचा पाइप गळतोय, माझ्या दारात पाणी येतं." अहोजाहो कधी सोडलं नाही, पण त्या अहोजाहोत मऊपणा म्हणून नव्हता. दूधवाल्याला आणि नगरसेवकाला एकच सूर.

कागदावर आकडा अक्षरी लिहिला की शेवटी 'फक्त' लिहायचं, म्हणजे पुढे कोणाला काही घुसडता येत नाही. ही सवय बाईंच्या तोंडातही शिरलेली. भाजीवाल्याला, "अर्धा किलो भेंडी, फक्त." रिक्षावाल्याला, "स्टेशन, फक्त." एकदा डॉक्टरांनी विचारलं ताप किती दिवस आहे, तर म्हणाल्या, "तीन, फक्त." डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत.

आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायच्या, "इंग्रजी पाचाचा सहा करायला एक वळसा पुरतो. एकाचा सात, तिनाचा आठ, कोणीही करील. आता 'तीन' या शब्दाचा 'आठ' करून दाखवा बरं!"

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. त्यांच्या शाळेतल्या शिपायाने मला एक गोष्ट सांगितलेली. तो आमच्याच बाजूचा, कुडाळचा. एका वजनदार माणसाचा भाचा शाळेत होता, चांगला धावायचा. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत त्याला उतरवायचं, पण वय काही महिन्यांनी जास्त भरत होतं. हेडमास्तर रजिस्टर घेऊन आले. म्हणाले, बाई, पंच्याऐंशीचा शहाऐंशी करा, एक वळसा द्यायचाय. बाई म्हणाल्या, "आकड्याला वळसा तुम्ही द्या. खाली मी 'एकोणीसशे पंच्याऐंशी' लिहिलंय, त्याला काय देता?" हेडमास्तर म्हणाले, मग अख्खं पानच नवीन लिहा. बाई म्हणाल्या, "पानांना नंबर आहेत सर. आणि तेही मी अक्षरी घातलेत."

त्यानंतर वर्षभर बाईंचं टेबल मोडक्या बाकांच्या खोलीत होतं. वर पंखा नाही. शिपाई सांगायचा, घामाने शाई फुटू नये म्हणून मनगटाखाली रुमाल धरून लिहायच्या, पण बदली मागितली नाही की रडल्या नाहीत. ते ऐकून मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलेलं, हे कबूल करतो. तेवढंच.

जन्मतारखेचा त्यांना भारी सोस. आमच्या वेळी आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मास्तर सरळ एक जून ठोकून द्यायचे. मलाही तीच ठोकली. आमच्या गावात अर्धा वर्ग एका दिवशी जन्मलेला. बाई तसं करत नसत. एखादी आई म्हणाली, "पावसात झाला बघा," तर विचारायच्या, "गणपतीच्या आधी की नंतर? तेव्हा कुठे राहत होता? सुईण होती की दवाखाना?" दवाखाना म्हटलं की सुटीच्या दिवशी स्वतः जाऊन तिथलं रजिस्टर बघून यायच्या.

एकदा मलाच म्हणाल्या, "घाडी, तुमची तारीख काय?"

"एक जून."

"ती मास्तरांची. तुमची काय? आई काय सांगायची?"

मी म्हटलं, "आई म्हणायची, भात कापून झोडणी चालू होती. तिला शेतातून घरी आणली."

"मग जून कुठून आला? दिवाळीच्या आसपासचे आहात तुम्ही. आणि विचारलं नाहीत कधी?"

विचारलं नाहीत! दुसरीतून शाळा सुटली, बाराव्या वर्षी चुलत्याबरोबर मुंबईला आलो, चौदाव्या वर्षापासून लादी बसवतोय. कोणाला विचारणार, कधी विचारणार? मी उठून आलो. आठ दिवस खालून जाताना त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. पण तेव्हापासून एक जूनला सून गोडाचं करते, ते माझ्या घशाखाली नीट उतरत नाही. बाईंनी एवढं केलं.

मी लादीवाला. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत किती घरांत माझ्या हातची लादी आहे, त्याला गणती नाही. माझी लादी हलत नाही, आवाज करत नाही, पाणी धरत नाही. शेठ लोक दुसऱ्यांना सांगायचे, घाडीला बोलवा. माप मी डोळ्यांनी घ्यायचो आणि तोंडाने सांगायचो, लिहिणारे लिहून घ्यायचे. हिशोबाला कधी चुकलो नाही. म्हणून मला शाळेचं कोणी सांगितलं की डोकं फिरतं.

आता मुद्द्याचं. चाळ पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं. बिल्डरचा मोजणीवाला आला तेव्हा आम्ही सगळे गावी होतो, खोलीला कुलूप. अशा आम्हा सात-आठ जणांना सोसायटीने फॉर्म दिला, माप तुम्हीच लिहून द्या म्हणून. त्यात तीन चौकोन आकड्यासाठी आणि पुढे लांब रेघ, तिच्यावर लिहिलेलं 'अक्षरी'. सेक्रेटरी दिनेश गावकर, आमच्याच मजल्यावर एकवीस नंबरला राहतो, कॉम्प्युटरवर कामाला. फॉर्म देताना म्हणाला, "काका, सूनबाईंकडून भरून घ्या ना."

मी म्हटलं, "खोली माझ्या नावावर आहे की सूनबाईच्या?"

"तसं नाय काका..."

"मग कसं?"

मी स्वतः भरला. माझी खोली दोनशे त्र्याऐंशी फूट. वीस बाय चौदा, आणि मोरीच्या अंगाला बाहेर काढलेला तीन फुटांचा तुकडा. एक फुटाची एक लादी, एकूण दोनशे त्र्याऐंशी लाद्या, माझ्या हाताने बसवलेल्या. चौकोन भरले, सही केली. अक्षरी रकाना तसाच सोडला. कोणाला दाखवला नाही. घडी घालून दिनेशच्या हातात दिला.

महिन्याभराने जिन्याखाली यादी लागली. मला आकडे वाचता येतात. सतरा नंबर, घाडी, २३८.

अडीचशे फुटांच्या खाली ज्यांचं माप, त्यांना नवीन बिल्डिंगमध्ये एक खोली आणि किचन. वर ज्यांचं, त्यांना आणखी एक खोली. माझ्या घरात मुलगा, सून, नात आणि मी. नात तेव्हा नववीत होती. तिला अभ्यासाला दार लावून बसायला एक खोली मिळावी, एवढ्यासाठी मी बिल्डिंगला हो म्हटलेलं. नाहीतर मला चाळीत काय कमी होतं? आणि यांनी माझे पंचेचाळीस फूट खाल्ले.

मी वर गेलो आणि दिनेशच्या दारात उभा राहून ओरडलो. सगळी गॅलरी बाहेर आली.

"चोर आहेस तू! चोर! माझ्या मांडीवर खेळलास, मेल्या, आणि माझीच जागा खातोस?"

"काका, तुम्हीच लिहून दिलंय."

"मी दोनशे त्र्याऐंशी लिहिलंय! तुका काय वाटला, माका लिवक येना नाय?"

दिनेशची बायको आतून म्हणाली, "अहो, फॉर्म दाखवा ना त्यांना." मी म्हटलं, "फॉर्म तुमच्या ताब्यात, तुम्ही काय पण कराल." दिनेश गप्प झाला. गप्प माणूस मला गुन्हेगार वाटतो. मी आणखी चार शिव्या घातल्या.

तक्रारअर्ज लिहायला सबनीसबाईंकडे गेलो. चाळीत कोणाचाही अर्ज त्याच लिहायच्या. बाईंनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"मी लिहिणार नाही."

"का?"

"तुमची खोली, तुमचं माप. तुमच्या अक्षरात हवं. तेही अक्षरी. लिहा, दोनशे त्र्याऐंशी."

मी पेन उचलून धरलं. 'दोनशे' कसंबसं झालं. पुढे हात हलेना. बाहेर मुलं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. बाई काहीही बोलल्या नाहीत, एक अक्षर नाही, आणि मला वाटलं हिच्या तोंडावर ती शाईची बाटली ओतावी.

मग म्हणाल्या, "सर्वसाधारण सभा कधी आहे?"

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी यादी कायम होणार."

"तेवीस दिवस. पुरेत. उद्या चार वाजता या."

मी म्हटलं, "मी या वयात शाळेत बसणार नाही."

"मी शिकवत नाहीच. तुम्ही लिहा, मी बघेन."

गेलो. का गेलो ते विचारू नका. पंचेचाळीस फुटांसाठी गेलो.

पहिले दोन दिवस नुसती भांडणं. मराठीने आकड्यांचं काय करून ठेवलंय बघा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकाच दोनाची आठ सोंगं! मी म्हटलं, "लादी अशी बसवली असती तर लोकांनी मला हाकलला असता. एक ओळ दुसरीला लागत नाही." बाई म्हणाल्या, "मी नाही केली भाषा. लिहा."

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर दहा बाय दहा चौकोन आखले. "ही शंभर लाद्यांची खोली. बसवा." मी बसवायला लागलो. एकेका लादीवर तिचं नाव. शेवटच्या लादीच्या आधी मी अडायचो, एकोणतीस, एकोणचाळीस. बाई म्हणाल्या, "एकोण म्हणजे एक कमी. ओळ पुरी व्हायला एक लादी कमी आहे."

हे मला एकदम कळलं. साठ वर्षं बोलत होतो आणि कळलं नव्हतं. ओळ भरत आली, एक लादी कमी, म्हणून नाव आधीच पुऱ्या ओळीचं. मी भराभर लिहीत सुटलो. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि शेवटी ऐटीत लिहिलं, 'एकोणशंभर'.

"चूक. नव्व्याण्णव."

"का? सगळीकडे एक कमी, आणि इथेच का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"हा कुठला न्याय?"

"घाडी, न्यायाचं ऑफिस वेगळं. इथे फक्त लिहायचं."

मी पेन आपटून आलो. निब वाकली. दुसऱ्या दिवशी गेलो तर दुसरं पेन तयार. वाकलेल्या निबेबद्दल एक शब्द नाही. हेच मला सहन व्हायचं नाही. कोणी बोललं तर आपण बोलू शकतो. ही बाई बोलायचीच नाही.

चाळीला तर करमणूकच झाली. तीन नंबरची राणेबाय दारात तांदूळ निवडत बसायची. मला वहीसकट बघून म्हणायची, "काय घाडीकाका, डबा घेतलात काय? बाईंनी अंगठे धरून उभा केला तर सांगा हां, हळद लावून देईन." मी म्हणायचो, "तू तुझे खडे बघ."

खोटं कशाला, पंधरा-सोळा दिवसांत माझा हात बसला. शंभरापर्यंत सगळं अक्षरी, पुढे दोनशे, तीनशे. घरी नात झोपली की तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. तिने एकदा सकाळी बघितलं आणि म्हणाली, "आबा, तुमचं 'अठ्ठ्याहत्तर' माझ्यापेक्षा भारी आहे. मला तर सेव्हन्टी एटच येतं." त्या दिवशी मी कामावर असल्यासारखा ताठ चाललो.

सभेला तीन दिवस राहिले तेव्हा बाईंनी नवीन कागद काढला. त्यावर तीन-तीन चौकोनांच्या रांगा, पुढे रेघ. म्हणाल्या, "मी सांगते, तुम्ही आधी आकडा चौकोनात भरा, मग पुढे अक्षरी लिहा. पाचशे चौसष्ट."

मी भरलं. पुढे अक्षरी लिहिलं, पाचशे चौसष्ट.

"आता आकडा वाचा."

मी वाचला आणि थांबलो. चौकोनात ५४६ होतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सातशे एकोणतीस." "तीनशे सत्तावन्न." मी भरत गेलो. सत्तावन्न म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून सात आधी लिहायचा. कामावर भिंतीवर कोळशाने लिहायचो तेव्हाही असंच, आधी एकं, मग त्याच्या डाव्या अंगाला जागा ठेवलेली असायची तिथे दहं. भिंतीवर ते बरोबर दिसायचं. चौकोनात मागे जायला जागा नाही. चौकोन एकापुढे एक, आणि मी पुढे पुढे भरत गेलेलो.

बाईंनी उशाखालून एक झेरॉक्स काढली. माझा फॉर्म. माझी सही. तीन चौकोनांत दोन, तीन, आठ, माझ्या हातचे, तो तिनाचा वाकडा पोटवाला आकडा माझ्याशिवाय कोणी काढत नाही. पुढची अक्षरी रेघ कोरी.

"ही कधी आली तुमच्याकडे?"

"तुम्ही गावकरांना चोर म्हणालात त्याच संध्याकाळी. ते घेऊन आले होते. विचारत होते, बाई, हे माझ्या हातचं आहे का सांगा."

वीस दिवस! वीस दिवस ही बाई सगळं जाणून होती आणि मला बिगरीतल्या पोरासारखा लाद्या मोजायला बसवत होती. मी उभा राहिलो.

"मजा बघत होतात माझी?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असतात. शिकला नसतात."

"आता पण भांडणारच!"

"भांडा. पण आधी दुरुस्तीचा अर्ज लिहा. नियम असा आहे, सभासदाने लिहून द्यायचं की माझ्या हातून चूक झाली, मग फेरमोजणी होते. आणि गावकरांना जे बोललात ते मागे घ्या. तेही लेखी."

"मी कोणापुढे वाकणार नाही."

"वाकू नका. लिहा."

"पंचेचाळीस फूट गेले तरी चालतील!"

बाई पहिल्यांदा चिडल्या. पेनाचं टोपण हातातून पडलं. "तुमचे नाहीत ते फूट, घाडी. तुमच्या नातीचे आहेत."

मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी चारला गेलो नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सून म्हणाली, "बाबा, काय झालंय? जेवत पण नाही." मी म्हटलं, "काही नाही, लादीचं स्वप्न पडतं." खरं म्हणजे मला दिनेशचं तोंड दिसत होतं, दारात उभा राहून गप्प झालेलं. आणि त्याचा मला आणखी राग येत होता. आपण चुकलो म्हणून माणसाला जितका राग येतो तितका दुसऱ्याने लुबाडलं तरी येत नाही.

सभा रविवारी पाच वाजता, पटांगणात. प्लास्टिकच्या खुर्च्या. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल. मी मागे, नळाजवळ. दिनेश एकेक खोली वाचत होता आणि लोक हात वर करत होते. सतरा नंबर आला. दिनेशने मान वर केली नाही. "सतरा, घाडी, दोनशे अडतीस. काही हरकत?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीत एवढा ओरडलेलो, आता काय बोलतोय याची सगळे वाट बघत होते. नात वरून कठड्याला टेकून उभी होती. तोंडात शब्द होता, चुकलो. बाहेर आला नाही. साधा तीन अक्षरी शब्द.

बाई उठल्या. मला वाटलं, झालं, आता ही सगळ्यांसमोर झेरॉक्स काढणार.

"सेक्रेटरी, माझी हरकत आहे."

"बोला बाई."

"सतरा नंबरच्या फॉर्मवर अक्षरी रकाना रिकामा आहे. रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण फॉर्म. अपूर्ण फॉर्मवरून यादी कायम करता येणार नाही. तुम्ही तो घेतलात कसा?"

दिनेशला सगळं ठाऊक होतं. तो बाईंकडे बघून हळूच म्हणाला, "चूक झाली बाई."

"मग सभासदाला मुदत द्या. उद्या सकाळी दहा."

"उद्या सकाळी दहा," दिनेशने लिहून घेतलं. "पुढची खोली, अठरा."

संपलं. माझी चूक कोणाला कळली नाही. उलट दिनेशची चूक लिहिली गेली. लोक म्हणाले, बघा, काकांचं बरोबर होतं, सेक्रेटरीनेच गडबड केलेली. राणेबायने मागून माझ्या पाठीवर थाप मारली, "जिंकलात काका!" त्या थापेसारखा मार मला कोणी दिला नाही. दया दाखवणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि राग तर आला होता.

बाई दुसऱ्या दिवशी पहाटे बोरिवलीला भाच्याकडे जाणार होत्या, डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी, महिनाभर म्हणून. गेल्या त्या गेल्या. भाच्याने परत एकटं राहू दिलं नाही, मग चाळ रिकामी झाली, आम्ही भाड्याने पांगलो. दोन वर्षांनी दिनेशचा फोन आला की बाई वारल्या. मी भेटायला एकदाही गेलो नव्हतो. जाऊन काय म्हणणार होतो? उपकार झाले, म्हणून? त्यांनी ऐकून घेतलं नसतं. आणि भांडायचं राहिलंच.

तर त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खाली बाईंच्या खिडकीत त्या बॅग भरत होत्या. साडीच्या घड्या घालून, त्यावर औषधाचा डबा, वर रजिस्टरसारखी कसली तरी जाड वही. त्यांनी मान वर केली, जाड चष्म्यातून मला शोधलं. मला वाटलं काहीतरी बोलतील, निदान रागावतील.

"घाडी," त्या म्हणाल्या, "दहा म्हणजे दहा."

आणि डास येतात म्हणून खिडकी लावून घेतली.

सकाळी साडेपाचला मी मोरीजवळ पाट टाकून, पुढे कागद आणि सभेनंतर सोसायटीने दिलेला दुरुस्तीचा फॉर्म घेऊन बसलो. खाली रिक्षा आली, बाईंच्या बॅगेचा आणि चपलांचा आवाज आला. मी तेव्हा 'त्र्याऐंशी' लिहीत होतो, र ला य जोडत होतो. शब्द अर्धा टाकून उठलो नाही. पूर्ण करून बाहेर आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी फक्त धूर होता.

दिनेश सातला कामावर निघतो. पावणेसातला मी त्याच्या दारात उभा राहिलो.

"काका? या ना आत. चहा घ्या."

"आत नाही. इथेच उभा राहून तुला बोललो होतो." मी कागद उघडला आणि मोठ्याने वाचायला लागलो, गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझ्या हातून फॉर्मवर चुकीचा आकडा लिहिला गेला. दिनेश गावकर यांनी काही केलेलं नाही. मी त्यांना चोर म्हणालो ते खोटं होतं." दारं उघडली. राणेबाय खालून वर बघत होती. नात माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी शेवटपर्यंत वाचलं, आवाज खाली आणला नाही.

दिनेशने कागद आणि दुरुस्तीचा फॉर्म घेतला. ओळीवर बोट फिरवत वाचला. मग म्हणाला, "काका, अक्षरी एकदम बरोबर आहे. पण चौकोन रिकामे ठेवलेत. आकडा राहिला."

"तो तू भर," मी म्हटलं, आणि त्याच्या दारासमोरच्या खुर्चीत चहाची वाट बघत बसलो.